थकवा आणि उद्योग : एका उपचाराची कथा

अंगात ताप असला की घरातील माणसे रोग्याच्या उशाशी बसतात. हाड मोडले की शेजारीपाजारीही चौकशीस येतात. परंतु ज्याच्या अंगात ताप नाही, ज्याचे हाड मोडलेले नाही, आणि तरीही सकाळी उठून तोंड धुण्याइतके बळ ज्याच्यात उरलेले नाही, अशा माणसाच्या वाट्याला सहानुभूती फारशी येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो उपदेश. आळसाची निंदा करणारी वचने आपल्या भाषेत भरपूर आहेत. थकव्याची पारख शिकविणारी मात्र थोडी.

ही पारख ज्यांच्या बाबतीत सर्वांत कमी झाली, अशी माणसे म्हणजे वेगळ्या घडणीच्या मेंदूनिशी जन्मास आलेली माणसे. स्वमग्नता, म्हणजे ज्या अवस्थेस ऑटिझम म्हणतात ती, किंवा चित्ताची अस्थिरता आणि अतिचंचलता, जी एडीएचडी या नावाने ओळखली जाते, ही त्यांची ठळक उदाहरणे. अशी माणसे शाळेत, कचेरीत, लग्नसमारंभात चारचौघांसारखी वागू पाहतात. वर्षानुवर्षे ती हे साधतातही. मग एके दिवशी काहीतरी खचते. काल सहज येत असलेला स्वयंपाक आज जमत नाही. बोलताना शब्द सापडत नाहीत. पंख्याचा आवाज, दिव्याचा उजेड, कपड्याचा स्पर्श असह्य होतो. रात्रभर झोप घेतली तरी हा थकवा उतरत नाही. ह्या अवस्थेस अलीकडे बर्नआउट असे नाव मिळाले आहे. मराठीत तीस ‘निःशेष थकवा’ म्हणता येईल.

नाव नवे असले तरी प्रश्न जुना आहे. ज्याचे शरीर धडधाकट दिसते पण ज्याची शक्ती सरली आहे, त्याचे काय करावे? गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकाने ह्या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. एक विश्रांतीचे, दुसरे उद्योगाचे. ह्या दोन उत्तरांच्या झगड्यातूनच व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हे शास्त्र उदयास आले. ह्या नावातील ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. स्नान, भोजन, खेळ, लेखन, घरकाम, भेटीगाठी, ज्या ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या सर्वांचा ह्या शब्दात समावेश होतो.

कथेचा आरंभ अमेरिकेत होतो. १८६९ मध्ये जॉर्ज मिलर बिअर्ड ह्या डॉक्टराने ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचे दौर्बल्य, ह्या विकाराचे वर्णन वैद्यकीय जगापुढे मांडले. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या दौर्बल्याचा दोष नव्या युगावर ठेवला. वाफेचे यंत्र, तारायंत्र, वृत्तपत्रे, विज्ञानाची धाव ह्यांनी माणसाच्या मज्जासंस्थेवर भार टाकला आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याने दृष्टांत दिला तो विजेच्या दिव्यांचा. एकाच यंत्रावर दिव्यांमागून दिवे जोडीत गेले, तर सर्वच दिवे मंद होऊ लागतात आणि दुबळे दिवे विझून जातात. बिअर्डचे शास्त्र आज मागे पडले आहे. परंतु थकवा हा दुर्गुण नसून शक्तीच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे, ही त्याची दृष्टी मात्र मोलाची होती.

ह्या विकारावर सर्वांत गाजलेला उपाय काढला तो फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल ह्याने. अमेरिकेतील यादवी युद्धात त्याने मज्जातंतूंच्या जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले होते आणि त्या क्षेत्रात त्याचा अधिकार मोठा होता. त्याच्या पद्धतीला ‘विश्रांती-उपचार’ म्हणत. सहा आठवडे ते दोन महिने रोग्याने अंथरुणावर पडून राहावयाचे. आप्तस्वकीयांना भेटावयाचे नाही. वाचन नाही, लेखन नाही. दूध आणि पौष्टिक अन्न भरपूर घ्यावयाचे. स्नायू सुकू नयेत म्हणून अंग रगडून घ्यावयाचे. हा उपचार मुख्यतः स्त्रियांसाठी असे. पुरुषांना मिचेल बहुधा पश्चिमेकडील मोकळ्या प्रदेशात घोड्यावर बसावयास आणि शिकारीस पाठवी. एकाच दुखण्यास स्त्रीला खाट आणि पुरुषाला घोडा, हा भेद त्या काळी कोणास फारसा खटकला नाही.

तो खटकला एका रुग्ण स्त्रीलाच. शार्लट पर्किन्स गिल्मन ही लेखिका १८८७ मध्ये मिचेलकडे उपचारास गेली. तिला घरी पाठविताना मिळालेला सल्ला असा, की शक्य तितके घरगुती जीवन जगावे, बुद्धीचे काम दिवसातून दोन तासांपलीकडे करू नये आणि आयुष्यात पुन्हा लेखणी, कुंचला वा पेन्सिल हाती धरू नये. सुमारे तीन महिने तिने हे पथ्य पाळले आणि ती वेडाच्या सीमेपर्यंत जाऊन पोहोचली. अखेरीस तिने सल्ला झुगारून दिला, पुन्हा कामास हात घातला आणि ती सावरली. ह्या अनुभवातून तिने लिहिलेली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. गिल्मनच्या अनुभवाचा धडा सूक्ष्म आहे. विश्रांती वाईट, असा तो नव्हे. जी विश्रांती माणसाचे प्रिय काम हिरावून घेते ती विश्रांतीच नव्हे, असा तो आहे.

उद्योगाने मन सावरते ही कल्पना त्याआधीही अगदीच अपरिचित नव्हती. १७९६ मध्ये विल्यम ट्यूक ह्याने इंग्लंडातील यॉर्क येथे उघडलेल्या आश्रयगृहात मनोरुग्णांना साखळदंडांऐवजी आदर आणि हातास काम मिळत असे. परंतु थकलेल्या मज्जेवर उद्योगाची मात्रा मोजूनमापून देण्याचा प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. १९०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड ह्या समुद्रकाठच्या गावी हर्बर्ट हॉल ह्या डॉक्टराने हस्तव्यवसायाच्या कार्यशाळा सुरू केल्या. विणकाम आणि मातीकाम ह्यांना तेथे औषधाचे स्थान मिळाले. काम हलक्यापासून अवघडाकडे, थोड्यापासून अधिकाकडे, पायरीपायरीने वाढवावयाचे, हे हॉलचे तत्त्व होते. १९०६ मध्ये ह्या अभ्यासासाठी हार्वर्ड विद्यापीठाकडून त्याला एक हजार डॉलर मिळाले. पुढे येथील कुंभारकामास इतका लौकिक मिळाला, की ते उपचारगृहापासून वेगळे होऊन स्वतंत्र व्यापारी धंदा बनले. ह्या घटनेत एक गर्भित सूचना आहे. बाजाराचा वेग आणि रोग्याचा वेग एका छपराखाली सुखाने नांदत नाहीत.

ह्या विखुरलेल्या प्रयत्नांना एकत्र आणण्याचे श्रेय जॉर्ज एडवर्ड बार्टन ह्याच्याकडे जाते. तो डॉक्टर नव्हता. तो वास्तुशिल्पी होता. क्षयाने त्याला ग्रासले, पायाची बोटे कापावी लागली आणि पुढे अंगाची डावी बाजू लुळी पडली. बागेत आणि सुतारकामात हात घालून त्याने स्वतःला पुन्हा उभे केले. १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याने ‘कन्सोलेशन हाउस’ नावाचे घर उघडले, आणि १५ मार्च १९१७ रोजी त्याच घरी मोजकी माणसे जमून व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जमलेल्यांत एक मनोवैद्य होता, एक वास्तुशिल्पी आणखी होता, एक हस्तकलेची शिक्षिका होती आणि एलिनॉर क्लार्क स्लेगल ही समाजसेविका होती. ज्या शास्त्राच्या स्थापनेस स्वतः रोगी यजमान म्हणून उभा राहिला, असे हे एक विरळाच उदाहरण होय.

ह्या शास्त्राला तात्त्विक पाया दिला तो स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेल्या अ‍ॅडॉल्फ मायर ह्या मनोवैद्याने. १९२१ मध्ये दिलेल्या आणि १९२२ मध्ये छापल्या गेलेल्या व्याख्यानात त्याने सांगितले, की माणसाचे आरोग्य काम, खेळ, विश्रांती आणि निद्रा ह्या चार तालांच्या मेळावर उभे असते. हा मेळ प्रत्यक्ष कृतीनेच साधतो, आणि वैद्याने औषधाच्या चिठ्ठ्यांपेक्षा रोग्याला संधी द्याव्यात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येला स्वतंत्र अध्याय आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मायरचा विचार परका वाटणार नाही. विश्रांती की उद्योग, हा वादच मायरने निकालात काढला. प्रश्न एकाची निवड करण्याचा नव्हता. दोहोंच्या लयीचा होता.

हे शास्त्र भारतात आले ते मुंबईमार्गे. अमेरिकेत जन्मलेली एलिझाबेथ लंडी ही विष्णु निंबकर ह्यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाली. फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतलेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ह्या विषयाची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. पक्षाघाताने, पोलिओने, अपघाताने हात गमावलेल्या माणसास पुन्हा घास तोंडापर्यंत नेता यावा, ह्यासाठी ह्या उपचारकांनी केलेले काम आपल्या रुग्णालयांत परिचित आहे. परंतु ज्याचा हात धड आहे आणि तरी घास उचलण्याचे बळ नाही, त्याच्याकडे लक्ष जाण्यास आणखी काही काळ जावा लागला.

त्यासाठी आधी अशी माणसे नीट ओळखली जाणे आवश्यक होते. १९२५ मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा ह्या डॉक्टर स्त्रीने काही एकलकोंड्या, बुद्धिमान मुलांचे वर्णन लिहिले, तेव्हा तिने त्यांच्या ध्वनी आणि गंध ह्यांविषयीच्या तीव्र संवेदनशीलतेचीही नोंद केली. अमेरिकेत लिओ कॅनर ह्याने १९४३ मध्ये आणि व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर ह्याने १९४४ मध्ये स्वमग्न मुलांविषयी लिहिले. तथापि ही अवस्था बालपणाचीच, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. जणू ही मुले मोठी होतच नाहीत! १९८१ मध्ये लंडनच्या लोर्ना विंग ह्यांनी आस्पेर्गरच्या कामाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले, तेव्हा नोकरी करणारी, बोलकी, सुशिक्षित प्रौढ माणसेही ह्या वर्तुळात दिसू लागली.

इकडे व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात कॅलिफोर्नियातील जीन एअर्स ह्यांनी १९७२ मध्ये संवेदनांच्या एकीकरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पंचेंद्रियांबरोबरच शरीराचा तोल सांभाळणारी कानातील संवेदना आणि स्नायूसांध्यांतून येणारी अंगस्थितीची संवेदना ह्यांचा मेळ मेंदू कसा घालतो, आणि तो बिघडला की साधी कृतीही कशी अवघड होते, हे त्यांनी मांडले. १९९७ मध्ये विनी डन ह्यांनी त्यास व्यवहारोपयोगी रूप दिले. कोणाची मज्जासंस्था थोड्या आवाजानेही जागी होते, कोणाची मोठ्या आवाजानेही होत नाही; कोणी त्रासदायक संवेदना टाळतो, कोणी हव्याशा संवेदना शोधीत जातो. एका घरातील दोन भावंडांनाही एकच खोली सारखी शांत वाटत नाही, ह्याचा उलगडा येथे होतो. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर ह्यांनी आपल्या प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मेंदूंच्या घडणीतील वैविध्य, ह्या कल्पनेची मांडणी केली. वेगळेपण म्हणजे बिघाड, हे समीकरण ढिले पडू लागले.

‘बर्नआउट’ हा शब्द मात्र दुसऱ्याच दारातून आला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वेच्छेने झटणारे कार्यकर्ते कसे आतून जळून जातात, हे हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये लिहिले. तेव्हापासून हा शब्द नोकरीतील थकव्यास लागू झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या नोकरीपुरतीच ठेवली आणि तो रोग नव्हे असे स्पष्ट केले. परंतु स्वमग्न माणसे ज्या थकव्याविषयी आपसांत बोलत होती, तो कचेरीच्या दारापाशी थांबणारा नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेत डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वतः स्वमग्न असलेले संशोधकही होते, अशा माणसांच्या मुलाखती आणि त्यांचे प्रसिद्ध झालेले अनुभव ह्यांचा अभ्यास करून तीन लक्षणे निश्चित केली. बहुधा तीन महिने वा त्याहून अधिक टिकणारा सर्वव्यापी थकवा; अंगी असलेली कौशल्ये गमावणे; आणि आवाज, उजेड, स्पर्श ह्यांची सहनशक्ती घटणे.

ह्याचे कारणही त्याच माणसांनी सांगितले. जगाच्या अपेक्षा आणि आपली घडण ह्यांत अंतर आहे; ते अंतर झाकण्यासाठी रोज सोंग वठवावे लागते; आणि ह्या सोंगाचा खर्च भरून काढण्यास पुरेसा आधार मिळत नाही. नाटकातील नट तीन तासांनी रंग पुसतो. ह्यांना तो पुसण्याची मुभा कधीच नसते. ह्या थकव्यास रोगवर्गीकरणात स्वतंत्र निदानाचे स्थान मिळालेले नाही, आणि उदासीनतेच्या विकाराशी त्याची गल्लत सहज होते. उदास माणसास घराबाहेर काढणे, चारचौघांत मिसळविणे पुष्कळदा हितकर ठरते. पण जो चारचौघांत मिसळूनच थकला आहे, त्याला पुन्हा गर्दीत लोटणे हे जखमेवर मीठ चोळणे होय. ही दोन्ही दुखणी एकाच माणसात एकत्रही असू शकतात, आणि ह्या थकव्याच्या तळाशी जीव नकोसा झाल्याची भावनाही आढळते. म्हणूनच डॉक्टराची तपासणी टाळून येथे घरगुती तर्कावर विसंबणे धोक्याचे आहे.

व्यवसायोपचारक ह्या ठिकाणी काय करतो? समजा, मुंबईच्या एखाद्या कचेरीत काम करणारी, एकटी राहणारी एक स्वमग्न स्त्री ह्या अवस्थेत आली आहे. तिला तो प्रथम दिवसाचा हिशेब मांडावयास सांगतो. कोणत्या कृतीने शक्ती खर्ची पडते, कोणत्या कृतीने भरून येते? येथे पुष्कळदा अनपेक्षित गोष्टी उघड होतात. टेबलावरचे काम तिला थकवीत नाही. थकविते ती लोकलमधील दाटी, डोक्यावरील नळीच्या दिव्याची थरथर आणि दुपारच्या डब्याच्या वेळचा गप्पांचा गलका. मग भार उतरविण्याचे काम सुरू होते. काही आठवडे रजा, आणि त्यानंतर गर्दीची वेळ टाळून कामावर जाण्याची सोय, कानांवर आवाज अडविणारे साधन, सौम्य उजेड, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना. घरी अंघोळ जमत नसेल तर ओल्या फडक्याने अंग पुसणे पुरेसे मानावयाचे. स्वयंपाक जमत नसेल तर वरणभाताच्या कुकरवर भागवावयाचे. स्नानासारख्या एका कृतीतही पाण्याचा स्पर्श, उठबस, कपड्यांची निवड असे किती टप्पे दडलेले असतात, हे वेगळे काढून दाखविणे हीच ह्या शास्त्राची खरी हातोटी.

त्याबरोबरच तिच्या आवडीच्या कामास तो हात लावू देत नाही, उलट त्यास जागा करून देतो. ती तासन्‌तास नकाशे पाहण्यात रमत असेल, तर ते रमणे हा वेळेचा अपव्यय नसून तिच्या शक्तीचा झरा आहे. येथे गिल्मनने शिकविलेला धडा उपयोगी पडतो. बळ येऊ लागले म्हणजे मार्बलहेडच्या पद्धतीने काम पायरीपायरीने वाढवावयाचे. परंतु एक पायरी चढल्यावर थकवा दुणावला, तर मागे सरण्यात कमीपणा मानावयाचा नाही. चांगल्या दिवशी सारे उरकून टाकण्याचा मोह हा तर ह्या वाटेवरील सर्वांत मोठा खड्डा आहे.

ह्या उपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एअर्स ह्यांच्या पद्धतीवर आधारलेल्या संवेदनोपचारांविषयीचा पुरावा अपुरा आणि अनिर्णायक आहे, असा इशारा अमेरिकेतील बालवैद्यांच्या अकादमीने २०१२ मध्ये दिला होता. प्रौढांच्या निःशेष थकव्यावर कोणता उपाय किती गुण देतो, ह्याचा मोठ्या प्रमाणावरील अभ्यास तर अद्याप बाल्यावस्थेतच आहे. आणि उपचारकाने कितीही सूक्ष्म हिशेब मांडला, तरी रजा देणारा अधिकारी आणि घरातील वडीलधारी माणसे ह्यांनी तो मान्य केल्यावाचून त्याचा उपयोग होत नाही. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने स्वमग्नतेचा समावेश विकलांगतेच्या एकवीस प्रकारांत केला आणि गरजेनुसार वाजवी सोयी देण्याचे तत्त्व मान्य केले. कायद्याने दार उघडले आहे. त्यातून आत येणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी समाजाने कमवावयाची आहे.

दीडशे वर्षांच्या ह्या वाटचालीत औषधे बदलली, नावे बदलली. परंतु खरा बदल झाला तो प्रश्नात. बिअर्डने विचारले, ह्या माणसाची शक्ती किती? मिचेलने विचारले, ह्याला किती काळ निजवावे? हॉलने विचारले, ह्याला किती काम द्यावे? आज विचारावयाचा प्रश्न असा आहे, की ह्या विशिष्ट माणसाला, ह्या विशिष्ट जागी, हे विशिष्ट काम करण्याची किंमत किती मोजावी लागते? ह्या प्रश्नाचे उत्तर थकलेल्या माणसावाचून दुसऱ्या कोणापाशी नसते. म्हणून बरे होणे म्हणजे पूर्वीचेच सोंग पुन्हा अंगावर चढविणे नव्हे. ज्या ओझ्याखाली तो कोसळला, तेच ओझे पुन्हा उचलता येणे ह्यास आरोग्य म्हणत नाहीत. ते ओझे कोणी आणि कशासाठी लादले होते हे तपासून, जेवढे आपले तेवढेच उचलण्याची मोकळीक मिळणे, ह्यास ते नाव अधिक शोभते. ती मोकळीक देणे बव्हंशी त्याच्या भोवतालच्या माणसांच्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ ‘आळशी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबण्याने होऊ शकतो.